हुशार मुलांचा जादा वर्ग

मंगळवार, ९ जानेवारी १९५१
विमला आज पुन्हा आली नाही! हुशार मुलांसाठी शाळेआधी जादा वर्ग काढला, त्यापायी हेडमास्तरांची बोलणी खाल्ली, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप तीच गैरहजर. बाकीची मुलं रीत घोकतात. ही एकटी विचारते — "बाई, पण असंच का?" मार्चमध्ये स्कॉलरशिपची परीक्षा. मिळाली तर हायस्कूल, नाहीतर सातवीवरच शिक्षण संपलं.

हेडमास्तर म्हणतात, "प्रमोदिनीबाई, हुशार पोरं आपोआप शिकतात." आपोआप तण वाढतं!

गुरुवार, ११
विमलाच्या वडिलांना, तुळशीदासभाऊंना, वाडीतच गाठलं. सुकेळ्यांचे दिवस. मांडवावर सोललेली केळी वाळत घातलेली आणि विमला ती उलटत बसलेली. माझ्याकडे बघेना.

"पोर हुशार, असं तुम्ही म्हणता बाई. आमच्यापैकी कोणी पाहिलंय?"

पाहायचंच आहे ना? दाखवते!

मंगळवार, १६
तुळशीदासभाऊंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. पडवी बायकांनी भरलेली. मी सरळ विमलाला मध्ये उभं केलं. तोंडी व्याज, तोंडी क्षेत्रफळ, मग वर्तमानपत्रातला उतारा — एकदाच वाचला आणि कागद न बघता सांगितला. कुठे अडखळली नाही! अर्नाळ्याच्या सावित्रीकाकू, केळीच्या व्यापाऱ्यांकडच्या, पुनःपुन्हा विचारत होत्या, "आणि हेही येतं हिला?" मला तर चेवच चढला. आणखी अवघड घातलं, तेही सोडवलं पोरीने.

तुळशीदासभाऊ दारात उभे, चेहरा फुललेला. "उद्यापासून धाडतो, बाई." जिंकले!

शुक्रवार, १९
विमला रोज येते आहे. आज "असंच का?" विचारून तिने मलाच गप्प केलं. फार बरं वाटलं.

बुधवार, २४
विमलाचं लग्न ठरलं. सावित्रीकाकूंच्या मुलाशी! "व्यापाऱ्याच्या घरात अशीच हिशेबी सून हवी," म्हणाल्या म्हणे. विमलाच्या आईने मला मुद्दाम बोलावून ओटी भरली. "तुमच्यामुळे एवढं मोठं घर मिळालं, बाई." माझ्यामुळे! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हटलं, पंधराची पोर, निदान परीक्षा तरी देऊ द्या. तुळशीदासभाऊ हसले. "आता कशाला? सगळ्यांदेखत पास झालीच की!" त्यांना खरंच वाटतं, मी तिचं भलं करायला गेले होते ते याचसाठी.

विमला आतून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि आत गेली. घरी येऊन मी रडले. हेडमास्तरांवर, त्या काकूंवर, स्वतःवर — सगळ्यांवर राग.

शनिवार, २७
वर्ग घेतला. कसाबसा.

सोमवार, २९
सकाळी जादा वर्गाच्या दारात चार आया, आपापल्या मुली घेऊन. "हिलाही बसवा, बाई. विमलासारखं स्थळ येऊ दे!" ओठांवर आलं होतं, चालत्या व्हा. गिळलं. चौघींनाही आत घेतलं.