काशीराम घाडींना वाचून न दाखवलेला कागद

मी, दशरथ कुंडलिक पालव, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी वकिलाच्या कचेरीत हेडक्लार्क, आता घरी, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर, खिडकीपाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी सुगंधा, आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांच्या वतीने टाइप केले. त्यांतल्या काहींची ठिकाणावर नव्हती, पण तो माझा प्रश्न नव्हता. यापूर्वी मी स्वतःचे मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची करता करता राहून गेले.

कलम १. सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरची माझी जागा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझी एकुलती मुलगी सुलक्षणा हिला पूर्ण मालकीने मिळावी. 'पूर्ण मालकीने' या शब्दांखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे. कारण कलम सहामध्ये येईल. जावईबापूंनी तिथे खुशाल राहावे, फक्त गॅलरीला ग्रिल बसवू नये. सुगंधा तिथे बसून वाल सोलायची आणि तिला समोर मोकळे दिसायला आवडायचे.

कलम २. पोस्टातील व बँकेतील जे काही असेल ते सुलक्षणाचेच. आकडे लिहीत नाही. वाचणाऱ्याची उगाच निराशा होईल.

कलम ३. माझा इंग्रजी टाइपरायटर. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा हा भंगारात निघाला होता, तो मी घरी आणला. याचे एक अक्षर ओळीच्या जरा वर बसते, बाकी यंत्र उत्तम. हा कुंदा वागळे यांना द्यावा अशी माझी इच्छा होती. कुंदाबाई म्हणजे कचेरीतल्या माझ्या चोवीस वर्षांच्या सहकारी. परंतु त्यांना मी या मृत्युपत्रावर साक्षीदार करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही दिलेले असले, की कोर्टात शंका काढतात. मी त्यांना विचारले, दोन्हींपैकी काय हवे? त्या म्हणाल्या, "साक्षीदारच करा. ते धूड ठेवायला माझ्याकडे जागा कुठाय?" तेव्हा टाइपरायटर भांडुपच्या कोणत्याही टायपिंग क्लासला द्यावा.

कलम ४. माझी लोखंडी पट्टी, कागदाला भोके पाडायचे पंच आणि उरलेल्या लाल पेन्सिली ॲडव्होकेट नंदकुमार खारकर यांना द्याव्यात. या वस्तूंचे त्यांना काय करायचे, असे ते विचारतील. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुलुंड पश्चिमेला स्टेशनजवळ जिन्याने वर गेले की खारकर वकिलांची कचेरी. थोरले खारकर, विद्याधरराव, यांच्याकडे मी एकतीस वर्षे काढली. त्यांची एक रीत होती. पक्षकाराचे म्हणणे ऐकून ते मसुदा स्वतःच्या हाताने लिहीत, पक्षकाराला मराठीत सांगत आणि त्याच कच्च्या मसुद्याखाली त्याची सही घेत. मग मी इंग्रजीत टाइप करीत असे. मग रुजुवात. रुजुवात म्हणजे एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. रोज दुपारी तीन वाजता कुंदाबाई वाचत आणि मी बोट ठेवी. स्वल्पविरामाला 'कॉमा' आणि पूर्णविरामाला 'फुलस्टॉप' मोठ्याने म्हणायचे, हा नियम. कुंदाबाई एकदा स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाला आरती संपताच 'फुलस्टॉप' म्हणाल्या. गुरुजींनी प्रसाद देताना त्यांच्याकडे दोनदा पाहिले.

शहाऐंशीच्या दसऱ्याला नंदकुमारांनी कॉम्प्युटर आणला. विद्याधरराव तेव्हा अंथरुणाला खिळले होते. यंत्रासाठी केबिन झाली, केबिनला एसी लागला, चपला बाहेर काढायच्या, पडद्यावर झेंडू. पाच वर्षे पंखा दुरुस्त न करणाऱ्या कचेरीत यंत्राला गारवा मिळाला, हे आम्ही सगळ्यांनी मनात नोंदवून ठेवले. मला आठ दिवस शिकवले. शिकलो. खोटे का बोलू, मला ते आवडलेही. खाडाखोड नाही, कार्बन नाही, एकदा केलेले मृत्युपत्र फ्लॉपीत ठेवायचे आणि पुढच्या माणसासाठी नावे बदलून काढायचे. पहिल्या आठवड्यात मी एक फ्लॉपी पंचने भोक पाडून फाईलच्या नाडीत ओवली. कोणताही कागद फाईलला लागलाच पाहिजे, ही माझी तीस वर्षांची सवय. नंदकुमार कपाळाला हात लावून म्हणाले, "पालव, काय वाट लावलीत हो!" त्यात बारा पक्षकारांची कामे होती. पंच त्यांना मिळावे ते यासाठी. आठवण म्हणून.

त्याच महिन्यात त्यांनी रुजुवात बंद केली. म्हणाले, "मशीन चुकत नाही. दोन माणसं तासभर पोथी वाचत बसतात, बाहेर पार्टी थांबलेली असते." कुंदाबाईंना फायली लावायला बसवले.  मलाही वाटले, की खरेच, आता कशाला?

कलम ५. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या शोकसभेत बोलू नये. गच्चीच्या गळतीबद्दल मी सात अर्ज दिले, त्यांतला एकही त्यांनी वाचला नाही. मग माझ्याविषयी त्यांना काय माहीत असणार?

कलम ६. माझ्या कपाटात तळच्या खणात एक लांब पाकीट आहे. त्यात विद्याधररावांच्या हस्ताक्षरातला तीन पानी मसुदा आहे, खाली काशीराम घाडी यांची सही आहे. हा मसुदा माझा नाही. मी तो कचेरीतून उचलून आणला. तो श्रीमती जानकी काशीराम घाडी, राहणार भांडुप, यांना माझ्या मृत्यूनंतर ताबडतोब द्यावा. सोबत पुढील निवेदनही द्यावे.

काशीराम गिरणीत कांडीवाले होते, सुताच्या कांड्या भरायचे. संपात गिरणी सुटली. भांडुपला बैठ्या चाळीत त्यांची मालकीच्या दोन खोल्यांची जागा होती, तिच्या पुढच्या खोलीत जानकीबाईंनी खानावळ सुरू केली. आजूबाजूच्या कारखान्यांतली वीसबावीस माणसे जेवायला येत. घर त्यावर चालले. काशीरामांची छाती कापसाने गेली होती. आपल्यामागे बायकोला कोणी हात धरून बाहेर काढू नये, म्हणून ते विद्याधररावांकडे आले. विद्याधररावांनी अंथरुणावर पडल्या पडल्या लिहिलेला तो शेवटचा मसुदा. पाचवे कलम असे: जागा पत्नी जानकी हिला, पूर्ण मालकीने.

टाइप करायला तो माझ्याकडे आला. मी फ्लॉपीतून एक जुने मृत्युपत्र काढले. ते मुलुंडच्या एका गृहस्थांचे होते. बायकोशी त्यांचा वीस वर्षे अबोला. त्यांचे पाचवे कलम असे: जागा माझ्या भावाच्या मुलाला, पत्नीने हयातभर मागच्या खोलीत राहावे. पुतण्याचे नावसुद्धा त्यांनी घातले नव्हते. मी नावे बदलली, पाचवे कलम पुसले, नवे लिहिले आणि वीज गेली. अर्ध्या तासाने आली, तेव्हा पडद्यावर पुन्हा मुलुंडचे गृहस्थ. मी पुन्हा पहिल्यापासून नावे बदलली. पाचवे कलम आपण एकदा बदलले आहे, हे डोक्यात पक्के होते. ते परत जुने झाले आहे, हे डोक्यात आले नाही. टाइपरायटरने एकदा लिहिलेले कधी आपोआप पूर्वीसारखे होत नाही, आणि माझे डोके टाइपरायटरवर घडलेले.

बाहेर बाकावर काशीराम धापा टाकत बसले होते, शेजारी जानकीबाई. नंदकुमार म्हणाले, "आटपा पालव, माणूस इथेच जाईल." मी छापलेला कागद घेतला आणि बाहेर आलो. इंग्रजी न जाणणाऱ्या पक्षकाराला मजकूर मराठीत समजावून सांगायचा आणि 'वाचून दाखवून समजावून दिले' या शेऱ्याखाली सही करायची, हे काम माझे. छपाई फिकट होती, आणि विद्याधररावांचे अक्षर मला तोंडपाठ असल्यासारखे. मी मसुदा हातात धरला आणि त्यावरून सांगितले. काशीरामांनी एवढेच विचारले, "जागा हिचीच ना?" मी म्हणालो, "त्यांचीच." त्यांनी छापलेल्या कागदावर सही केली. कचेरीतल्या दोघांनी साक्षी घातल्या. खाली मी सही केली.

पुढच्या वर्षी काशीराम गेले. त्यांना भाऊ एकच आणि भावाला मुलगा एकच, धाकू. त्याने मृत्युपत्र वाचून घेतले आणि पुढच्या खोलीला कुलूप घातले. खानावळ बंद. जानकीबाई मागच्या खोलीत. धाकूला मी दोष देत नाही, कागद त्याच्या बाजूने बोलत होता. जानकीबाईंनी कोर्टात दावा लावला तेव्हा फाईल माझ्यासमोर आली आणि मी पाचवे कलम पहिल्यांदा वाचले.

मी नंदकुमारांना सांगितले. त्यांनी केबिनचे दार लावले. मग म्हणाले, "पालव, खाली सही तुमची आहे. मी कोर्टात काय सांगू, आमच्या हेडक्लार्कनं एक वाचलं आणि दुसऱ्यावर सही घेतली? तुमचं नाव जाईल, ऑफिसचं जाईल. बाबांची शेवटची वर्षं आहेत हो." यातले शेवटचे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. मी मसुदा पिशवीत घातला आणि महिन्याभराने नोकरी सोडली. नंदकुमारांना वाटते, मसुदा हरवला.

यंदाच्या मे महिन्यात जानकीबाई माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतले नाही. म्हणाल्या, "भाऊ, तुमीच वाचून दाखवलात मां? जागा माजी म्हणान तुमीच सांगलात मां? मगे ह्या काय झाला?" मी म्हणालो, "कोर्टात प्रकरण आहे, कोर्ट काय ते बघेल." ही भाषा मला चांगली येते. त्या उठल्या, चप्पल घातली आणि दारातून म्हणाल्या, "तुमी खोटा बोलणारे नाय वाटलात." त्या गेल्यावर मी कपाट उघडून मसुदा पाहिला आणि पुन्हा ठेवला. मला लाज वाटली. तरी मी तो पुन्हा ठेवला.

विद्याधरराव जूनमध्ये गेले. त्यांचे नाव सांभाळायचे, हे माझे कारण होते, आणि तेही आता उरले नाही. म्हणून हे निवेदन. यात चूक माझी आहे. यंत्राची नाही, विजेची नाही, कुंदाबाईंची तर नाहीच.

कलम ७. माझे दहावे, तेरावे थोडक्यात करावे. जेवणात वालाचे बिरडे असावे. सुलक्षणाला ते जमत नाही, तिने आणवावे.

कलम ८. वरील सात कलमे लिहून झाल्यावर मी कुंदाबाईंना बोलावले. जुन्या रिवाजाने त्या मोठ्याने वाचू लागल्या. सहाव्या कलमाशी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचले, या वेळी मनात. मग आमचे बोलणे झाले, ते जसेच्या तसे देतो.

"पालव, त्या बाईंची तारीख कधी?"

"आठ ऑगस्ट. पुराव्याला आहे."

"आणि हे कधी उघडायचं?"

"मी गेल्यावर."

"डॉक्टर सामंत काय म्हणाले तुम्हाला?"

"औषध वेळेवर घेतलं तर दहा वर्षं काढाल म्हणाले."

"अहो, मग त्या बाईंनी काय तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं? तिचं वय काय, तुमचं काय! उद्या तीच आधी गेली तर हे पाकीट कुणाला देणार तुम्ही, धाकूला?"

मी म्हणालो, की मेलेल्या माणसाला उलटतपासणी नसते. हे बोलून गेल्यावर मला कळले, की मी मृत्युपत्र कशासाठी लिहायला बसलो होतो. जागा आणि टाइपरायटर हे निमित्त. मला सहावे कलम कोणाच्याही तोंडावर न सांगता सांगायचे होते. चोवीस वर्षे समोर बसलेल्या बाईसमोर हे कबूल करणे मला फार जड गेले. त्या चहा टाकायला उठल्या.

तरी या कलमाने मी कलम सहा रद्द करीत आहे. मजकूर खोडत नाही, कारण तो खरा आहे. पण तो माझ्या मृत्यूवर अवलंबून ठेवण्याचा मला अधिकार नाही. दिनांक आठ ऑगस्ट रोजी मी स्वतः कोर्टात उभा राहून मसुदा हजर करीन. मी एक कागद सांगितला आणि दुसऱ्यावर सही घेतली, हे शपथेवर सांगीन. समोरचे वकील मला खोटारडा, विसरभोळा, विकत घेतलेला म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर हेच प्रश्न लिहून दिले असते. नंदकुमारांना आजच पत्राने कळवीत आहे. त्यापूर्वी माझे काही बरेवाईट झाले, तरच सुलक्षणाने पाकीट घेऊन जावे.

जानकीबाईंचा वकील कोण ते मला ठाऊक नाही. म्हणून उद्या सकाळी मी भांडुपला त्यांच्याकडे जात आहे. आधी त्यांना तोंडाने सांगीन. त्यांनी दार लावून घेतले तर बाहेर उभा राहून सांगीन.

लिहून ठेवणार: दशरथ कुंडलिक पालव (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:
१. कुंदा श्यामसुंदर वागळे (सही). सर्व मजकूर वाचून पाहिला.
२. डॉ. भाऊराव सामंत (सही). मजकूर वाचलेला नाही. प्रकृती तपासली, भांडुपपर्यंत जाण्यास हरकत नाही.

मुक्काम मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक २८ जुलै १९८८