मंगरूच्या नावावरची साखर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी. मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाला लोक मागाहून विचारतात, कसं जमवलं? तेव्हा जवळ काही लिहिलेलं असावं.

भैय्याजींनी 'ठणठणीत' नावाचं ॲप घेतलं. आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक आहेत म्हणून बोलता येत नाही, पण कोणीतरी लग्नाच्या पंगतीत गळ्यात मारलं असणार. आता कर्मचाऱ्यांना मोबाईलवर पुण्याची डॉक्टर दिसणार. दर सोमवारी आरोग्याचा ऑनलाइन क्लास. बोटाला सुई टोचून साखर तपासायची आणि यंत्राचा फोटो ज्याच्या त्याच्या नावावर ॲपमध्ये टाकायचा. समन्वयक मी, इथला सुपरवायझर. सिंदी रेल्वे गावात इंग्रजी मेल शेवटपर्यंत वाचणारा दुसरा आहे कोण?

महत्त्वाचं: भैय्याजी नागपूरला ऑफिस थाटताहेत. त्यांच्या तिन्ही जिनिंगवर मिळून एक वेलनेस हेड. एसी केबिन. समन्वयकांपैकी ज्याची स्वतःची तब्येत आदर्श, तो जाणार. बाकी दोघांपैकी एक दिवसभर तंबाखूचा खर्रा घोटतो, दुसरा जिना चढला की बसून घेतो. ही काय स्पर्धा झाली?

जयाला सांगितलं. बायको म्हणून आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, आधी तुमची स्वतःची साखर पाहा, रात्री कितीदा उठता. या घरात मोठा विचार करणारा मी एकटाच.

नवे बूट घेतले. केबिनमध्ये चप्पल शोभत नाही.

४ नोव्हेंबर

बूट डाव्या अंगठ्याला चावतो. अस्सल चामड्याचं लक्षण.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली तपासणी. समन्वयकाने आधी स्वतः करून दाखवावं म्हणून केबिनचं दार लावून स्वतःची केली. यंत्राने तीनशेच्या वर आकडा दाखवला.

हसू आलं. चिनी माल. हा आकडा माझा असूच शकत नाही. हा आकडा अडाणी, चारचौघांत बोटं चाटणाऱ्या माणसाचा आहे. मी सकाळी फक्त तर्री-पोहे आणि थोडा गोरस पाक घेतला होता. गोरस पाक म्हणजे सेवाग्रामच्या बाजूचं तुपातलं बिस्किट. त्यात साखर असली तरी संस्कारी साखर.

तेवढ्यात रुईच्या गाठी उचलणारा हमाल मंगरू गेटपास घ्यायला आला. त्याची तपासली. एकदम नॉर्मल. म्हणजे झालं काय ते उघड आहे. यंत्राने अदलाबदल केली. मी फक्त दुरुस्त करून ॲपमध्ये टाकलं. माझा मंगरूच्या नावावर, मंगरूचा माझ्या.

लगेच मेसेज आला: अभिनंदन धनंजय, तुम्ही आदर्श आहात. ॲप वाटलं होतं तेवढं वाईट नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला क्लास. विषय: कामाचा ताण. पुण्याच्या डॉ. प्रेरणा स्क्रीनवरून म्हणाल्या, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा. रुईतला कचरा वेचणारी बायजा, मंगरूची बायको, उठून म्हणे, 'आमी समुद्र नाई पाह्यला, बोर धरण पाह्यलं.' डॉक्टर म्हणाल्या, धरण चालेल. अख्खं जिनिंग डोळे मिटून बोर धरण बघत बसलं. निम्मे घोरू लागले. ही आपली जनता. मीही उदाहरण म्हणून डोळे मिटले होते. भोंगा वाजला तेव्हा जाग आली.

तपासणीत यंत्राने पुन्हा तीच चूक केली. पुन्हा दुरुस्त केली.

२० नोव्हेंबर

कटकट. डॉ. प्रेरणांनी मंगरूला व्हिडिओवर बोलावलं. केबिन माझी, मोबाईल माझा, म्हणून शेजारी मी. त्यांनी विचारलं, मंगरूकाका, तहान फार लागते का? तो म्हणे, 'नाई बा.' मी सांगितलं, लागते मॅडम, लाजतो तो. रात्री उठावं लागतं का? मी म्हटलं, सारखं. पायाला मुंग्या येतात का? मी म्हटलं, डाव्या पायाला जास्त. डॉक्टर म्हणाल्या, धनंजय सर, तुम्ही आपल्या माणसांना किती जवळून ओळखता!

खरं आहे. नेतृत्व हे रक्तात असावं लागतं.

निकाल असा: मंगरूला गोळ्या कुरिअरने येणार. जड काम बंद. महिनाभर पगारी हलकं काम. शिवाय दर आठवड्याला फळांची टोपली, कंपनीतर्फे. माणूस काहीही न करता किती मिळवतो.

२१ नोव्हेंबर

बायजा केबिनमध्ये आली आणि खाली बसून रडायला लागली. 'साहेब, खरं सांगा, मरते का माहा मानूस? लेकरं लहान हायत माये.' मला कसंतरीच झालं. म्हटलं, उगी. त्याला काही झालेलं नाही. यंत्राची गडबड आहे, आजार फक्त ॲपमध्ये आहे, पण हे कोणाला बोलू नको. गोळ्या त्याला देऊ नको, माझ्याकडे आणून दे.

दारात मंगरू उभा होता. विचारतो कसा, 'मंग साहेब, आजार हाय कोनाचा?'

म्हटलं, यंत्राचा. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. बूट काढून बसलो होतो. या लोकांना दुसऱ्याच्या केबिनमध्ये कुठे बघावं याचीही शिस्त नाही.

२७ नोव्हेंबर

गोळ्या आल्या. ड्रॉवरमध्ये ठेवल्या. एवढं महाग औषध वाया घालवणं मला पटत नाही. एक घेऊन पाहिली, क्वालिटी तपासायला. बरी आहे.

८ डिसेंबर, सोमवार

मंगरू माजला. आज दोन गाठी लोटत ट्रकजवळ ने म्हटलं तर छातीला हात लावून उभा राहिला. 'डाक्टरीनबाईनं मना केलं साहेब.' सावलीत बसून कंपनीचं सफरचंद खातो. मला बघून एक पुढे केलं. 'घ्या साहेब, तुमचंच हाय.' उर्मटपणाला सीमा आहे की नाही?

दुसरीकडे मागच्या आठवड्यात भैय्याजींनी बोलावून सांगितलं, 'धनंजयराव, तुमची रिपोर्ट एक नंबर आहे. पोरं बिमार पडून राह्यले, तुमी रातची पाळी पाहून घ्या.' आदर्श माणसावरच जबाबदारी येते. हो म्हटलं. तेव्हापासून डोळ्यांसमोर अंधारी येते. थंडीमुळे.

१५ डिसेंबर, सोमवार

गोळी रोज घेतो. गोळी घेतली की संत्रा बर्फीची काळजी राहत नाही, हा तिचा मोठा फायदा. डॉक्टरांनी क्लासमध्ये हे का सांगितलं नाही कळत नाही. शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी सुचत नाहीत.

अंगठ्याची जखम अजून ओली. जया म्हणते दवाखान्यात चला. म्हटलं, मी स्वतः आरोग्य खात्याचा माणूस आहे. हळद लावली.

२२ डिसेंबर, सोमवार

अन्याय. गोळ्यांमुळे यंत्राचा आकडा उतरला. उतरला तो मंगरूच्या नावावर! ॲपवर त्याचा फोटो, 'सप्ताहाचा तारा'. डॉ. प्रेरणांनी क्लासमध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. कडू गोळी तोंडाला मी लावली आणि तारा तो झाला. जेवण सोडलं मी. (दुपारचं. तेही फक्त पोळी.) त्याने काय केलं? सफरचंदं खाल्ली.

टाळ्या मलाही वाजवाव्या लागल्या. मंगरूने उठून नमस्कार केला. डॉक्टरांनी विचारलं, कसं जमवलं, तर म्हणाला, 'साहेब सांगतात तसंच करून राह्यलो.' डॉक्टरांचे डोळे भरून आले. मूर्ख बाई.

५ जानेवारी, सोमवार

नववर्षाचा संकल्प: गोड बंद, चालणं सुरू. स्टेशनपर्यंत चालून आलो. स्टेशनवर गरम समोसे होते. समोसा गोड नाही.

६ जानेवारी

चालताना बुटात ओलं लागलं. चालणं तूर्त स्थगित. जखम भरली की दुप्पट चालेन.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ नाकारणं अशुभ. तिळात कॅल्शियम असतं.

साडूचा नागपूरहून फोन. वेलनेस हेड होणार म्हणून सांगितलं. तो गप्प झाला. लग्नानंतर पहिल्यांदा गप्प झाला. या एका क्षणासाठी काहीही सोसावं. जया फ्लॅट बघायला लागली आहे, नागपूरच्या धंतोलीत. मी म्हटलं, आधी केबिन पाहू दे.

१६ जानेवारी

पाय सुजला. कोणाला न सांगता स्वतःच्या नावाने डॉ. प्रेरणांना व्हिडिओ लावला. पाय दाखवायचा होता, पण त्यांनी आधी माझा रेकॉर्ड उघडला. म्हणाल्या, सर, तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे. बूट चावला असेल, मलम लावा, आठवड्यात बरं होईल. मग म्हणाल्या, साखर जास्त असती तर मी आत्ताच वर्ध्याला पाठवलं असतं.

सांगणार होतो. म्हणजे यंत्राबद्दल. तेवढ्यात त्या म्हणाल्या, हेड म्हणून मी तुमचंच नाव सुचवलंय.

थँक्यू म्हटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला उभं राहता आलं. चांगली बातमी: अंगठा दुखायचा थांबला. अजिबात कळत नाही. सुई टोचून पाहिली, तरी नाही. याला म्हणतात बरं होणं. जयाला सांगितलं तर ती घाबरली. हिला आनंदाची बातमी सांगायची सोय नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सीझनचा अहवाल तयार केला. मीच लिहिला, मीच सजवला. रंगीत गोल, वर चढणारे बाण. बऱ्याच लोकांची तपासणी घ्यायला वेळ मिळाला नव्हता, त्यांचे आकडे अंदाजाने घातले. अंदाज चांगलेच घातले. दुसऱ्याबद्दल वाईट लिहिणं माझ्या स्वभावात नाही. निष्कर्ष: सर्व कर्मचारी ठणठणीत. एकच रुग्ण होता, मंगरू, तोही बरा. असा अहवाल वाचून भैय्याजींनी नागपूरची ऑर्डर नाही काढली तर नवल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भैय्याजींनी सगळ्यांसमोर अहवाल वाचला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असं काम आजपर्यंत कोणी केलं नाही. बायजाने शिट्टी मारली. मी मान खाली घातली, विनयाने.

मग म्हणाले, 'आता सारेच ठणठणीत झाले. मंग डाक्टर पोसाचा काऊन?'

ॲप या महिन्यापासून बंद. क्लास बंद. नागपूरच्या ऑफिसात वेलनेस हेड लागणार नाही, त्या केबिनमध्ये रुईचे सॅम्पल ठेवणार. हे सगळं त्यांनी माझं कौतुक करता करताच सांगितलं. मला नारळ आणि शाल.

मूर्ख माणूस. अहवाल वाचता येतो, समजत नाही.

१८ फेब्रुवारी

ड्रॉवरमध्ये गोळ्या संपल्या. कुरिअर येणार नाही. मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं. तो म्हणे, डॉक्टरची चिठ्ठी? चिठ्ठी आहे, पण मंगरूच्या नावाची, आणि मेडिकलवाला मला नावाने ओळखतो. मंगरू आता गाठी उचलतो आहे, गाणं म्हणत. त्याच्याकडे जाऊन गोळ्या आणून दे म्हणायचं, तर तोंड कसं उघडायचं? उद्या बघू.

२२ फेब्रुवारी

मोजा काढला तेव्हा जया नाकाला पदर लावून मागे सरली. अंगठा काळा पडला आहे. म्हटलं, बुटाचा रंग उतरला. ती रडत रडत बाहेर गेली आणि मंगरूला घेऊन आली. तिला दुसरं कोणी सुचलं नाही याचा राग आला. अंगात ताप असल्यामुळे जास्त बोललो नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार. वर्धा, दवाखाना

मंगरूने मोटारसायकलवर मला मधे बसवलं, जया मागून धरून होती. रस्ताभर थंडी वाजत होती.

इथला डॉक्टर पोरगेलासा. साखर तपासली. आकडा बघून त्याने यंत्राला दोष दिला नाही. विचारलं, आधी कधी तपासली होती? औषध चालू होतं? काही कागद? कागद सगळे आहेत. आकडे, गोळ्या, तारीखवार, पुण्याच्या डॉक्टरच्या सहीचे. सगळे मंगरूचे. माझ्या नावावर मी आदर्श आहे. मी म्हटलं, कधीच नाही तपासली. तो चिडला. इतके दिवस काय करत होता? वाचवता आला असता अंगठा. मी भिंतीकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं, कुठल्याही गोळ्या घेतल्या असतील तर सांगा, भूल द्यायला कळलं पाहिजे.

जया माझ्याकडे बघत होती. मला फार भीती वाटली. मी पांघरूण पायावर ओढलं.

तेव्हा मंगरू पलंगाजवळ आला आणि हळू म्हणाला, 'आता तरी खरं सांगा साहेब. पाय तुमचा हाय, माहा नाई.'

सांगितलं. अंगठा उद्या सकाळी काढणार आहेत.