बाबांची किडनी

१९ ऑगस्ट, सोमवार
प्रोस्टेटची बायोप्सी झाली. बारा सुया. मी हूं की चूं केलं नाही. नर्स म्हणाली, "सर, ओरडा हवं तर, पण हलू नका." तिला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला असणार.
पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, चारच्या आत हवा, माझा ७.८ निघाला, म्हणून हा सगळा उपद्व्याप. फॉर्मवर प्रश्न होता: वडील किंवा भाऊ, कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का? 'नाही'वर खूण केली. बाबांना होता. पण त्याला बावीस वर्षं झाली. डॉक्टरांना जुन्या गोष्टींत कशाला गुंतवायचं?

२७ ऑगस्ट
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! पीएसए तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. त्याआधी करू नका, बायोप्सीनंतर तो चढलेलाच असतो, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. सायकल दोन आठवडे बंद.
बसमध्ये बायको म्हणाली, "सेजिनचे बाबा, आता तरी तेग्यू भावजींना खरं सांगून टाका. त्यांनीही तपासायला नको का?"
तेग्यू माझा धाकटा भाऊ. सत्तावन्न वर्षांचा. गांगनुंगला चष्म्याचं दुकान आहे. बाबांच्या आजाराचं नाव तेव्हा आम्ही बाबांनाच सांगितलं नव्हतं, सगळीच घरं तसं करायची. 'किडनी' म्हणालो. तेग्यूची बायको तेव्हा पोटुशी होती, म्हणून त्यालाही 'किडनी'च सांगितलं. पुढे खरं सांगायला योग्य वेळ आली नाही. बावीस वर्षांत.
याच आठवड्यात सांगणार. चौतीस वर्षं शाळेत नीतिशास्त्र शिकवलंय मी. खरं बोलायला मला बायको लागत नाही.

३१ ऑगस्ट
फोन केला नाही. माणसाला घाबरवायचं तर हातात पक्का आकडा हवा. म्हणून गल्लीतल्या क्लिनिकमध्ये रक्त देऊन आलो. तीन महिने थांबायचा नियम सर्वसाधारण पेशंटसाठी असतो.

२ सप्टेंबर, सकाळी ९.४०
मोबाइलवर आकडा आला. २१.

९.५५
२१च आहे.

दुपारी
जेवण गेलं नाही. माझ्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो निवडला. निवृत्तीच्या दिवसाचा. त्यात केस बरे दिसतात.
बायकोनं हॉस्पिटलला फोन लावला. नर्स म्हणाली, "सांगितलं होतं ना, करू नका म्हणून? बायोप्सीमुळे चढलाय तो." फोन ठेवून बायको माझ्याकडे बघत राहिली. "स्वतःच्या जिवाची एवढी धास्ती! मग भावाच्या जिवाचं काय?" असं म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. कालचं होतं.
लागलं मनाला. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

८ सप्टेंबर, रविवार
चुसोकच्या सणाआधी बाबांच्या थडग्यावरचं गवत कापायचं, तो हा रविवार. डोंगरावर आम्ही दोघंच. याहून चांगली जागा कुठली? ठरवूनच गेलो होतो.
तेग्यू म्हणाला, "दादा, तू सावलीत बस. तुझी जखम ताजी आहे." (त्याला मी मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलंय.) मशीन त्यानं खांद्याला अडकवलं, कानांवर झाकणं चढवली आणि सुरू केलं. काय तो आवाज!
मी त्याच्या मागे गेलो आणि सांगितलं. सगळं. बाबांना काय होतं, मी का लपवलं, मला काय झालंय, तू काय करायला हवंस. शेवटी "माफ कर" असंही म्हणालो. डोळे भरून आले.
त्यानं मशीन बंद केलं, एक झाकण उचललं. "काही म्हणालास का, दादा?"
"म्हटलं, पाणी पिऊन घे."
पण सांगितलं, हे खरंच. ऐकू जाणं-न जाणं हा यंत्राचा प्रश्न.
थडग्यावर दारू वाहताना तो बाबांना म्हणाला, "बाबा, दादाच्या किडन्यांकडे लक्ष ठेवा. माझ्या मी सांभाळतोय."

१७ सप्टेंबर, चुसोक
तेग्यूची मंडळी जेवायला. तो खारट किमची वाटीभर पाण्यात धुऊन खातो. सूपमधल्या भाज्या वेचून खातो, रस्सा सोडतो. गेली बावीस वर्षं. त्याची बायको म्हणाली, "जाऊबाई, याच्यासोबत संसार म्हणजे आजन्म पथ्य." सगळे हसले. मीही हसलो. तेग्यूनं माझ्यापुढची मिठाची वाटी लांब सरकवली आणि म्हणाला, "दादा, आपल्या घराण्याचा आजार आहे हा. जपायला नको?" दरवर्षी न चुकता किडनी तपासून घेतो. बाकी काही तपासत नाही, कारण बाकीचं घराण्यात नाही.
बायकोनं टेबलाखालून लाथ मारली. पण सणाचा दिवस, भरलं ताट. वेळ बरी नव्हती.

२१ नोव्हेंबर
पीएसए ६.१! उतरला! डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी या. येताना दोन किलो पर्सिमनची फळं घेतली.
विचार केला: माझंच काही नाही, तर तेग्यूचं काय असणार? उगीच त्याची झोप उडवायची. तरी तत्त्व म्हणून सांगणारच. नवीन वर्षाला, निवांत.
हे बायकोला समजावलं. तिनं पर्सिमनला हातही लावला नाही.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी
तेग्यूचा फोन. आवाज नेहमीसारखाच. लघवीला त्रास होता म्हणून दाखवायला गेला होता. पीएसए ६४. उद्या बायोप्सी, मग हाडांचं स्कॅन.
"किडन्या मात्र तिशीतल्या पोरासारख्या आहेत म्हणे!" असं म्हणून हसला.
माझं वाक्य तयार होतं, केव्हाचं तयार आहे. पण तो बोलत होता.
"डॉक्टर म्हणाले, भावाला असला तर भावालाही असू शकतो. म्हटलं, आधी दादाला कळवायचं. घरी अजून सांगितलेलं नाही. साधी रक्ताची तपासणी असते, दादा. तुझी झोप उडेल हे कळतंय मला, पण कळवलं नाही आणि तुला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू? उद्याच जा. जाशील ना? शब्द दे."
बायको समोर उभी होती.
मी म्हणालो, हो, उद्याच जातो. शब्द दिला.