ऱ्हा गो अजून

१४ नोव्हेंबर
आली एकदाची. जोहाना. ऑस्ट्रियाची, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच. जीपमधून उतरली ती थेट गोठ्यात! म्हणे, किती छान वास. मला ज्या शेणातून सुटायचंय ते बघायला ही बया विमानाने आली.

शर्मिला मॅडमनी महाडला कॉलेजात बजावून सांगितलंय — ही अदलाबदल आहे. जोहाना तीन महिने आमच्याकडे. ती परत गेली की मी तीन महिने तिच्या घरी, तिच्या शाळेत. ती मध्येच कंटाळून पळाली तर माझंही रद्द. पुढच्या वर्षी माझी बारावी, तेव्हा कोण पाठवतंय! म्हणजे आता नाहीतर कधीच नाही.

तेव्हा सेजलबाई, दात दाखवा. हसा.

१५ नोव्हेंबर
घोरते.

२४ नोव्हेंबर
एसटीत तिला खिडकी, मला खांब. कंडक्टर तिला "मॅडम, बसा." इतके महिने मी पोलादपूरहून याच गाडीने जाते, मला कायम "ए, पुढे सरक." कॉलेजात पोरींचा हा घोळका! निशा मला म्हणते, "तुझी जोहाना किती साधी आहे ना." साधी! साधीच्या आंघोळीसाठी रोज पहाटे चूल मी पेटवते.

६ डिसेंबर
दुधावरची साय माझी असते. लहानपणापासून! आता आई ती जोहानाच्या ताटात घालते. नवी गोधडीही तिलाच. आज तिला धार काढायला शिकवलं. म्हशीने लाथसुद्धा मारली नाही. फितूर!

आईला म्हटलं, "माझी साय?"

"तिला करमाया नको? आईपासनं लांब हाय पोर."

आणि मी लांब जाईन तेव्हा? ते नाही विचारलं हिने.

१ जानेवारी
मुंबईहून अक्षयदादाचा फोन. "नीट सांभाळ तिला. नाक कापू नको आपलं." मग बाबांनी फोन घेऊन तेच. गणपतीनंतर दोघांनी घराचं तोंड पाहिलं नाही आणि उपदेश मात्र तिथून. आईने विचारलं, शिमग्याला येताय का. "बघू," म्हणाले.

१९ जानेवारी
व्हिसा आला!! माझा! तेरा फेब्रुवारीला जोहाना जाणार, आठवड्याने मी. अख्ख्या वाडीला ओरडून सांगितलं. आईला दाखवला तर "बरं" म्हणाली आणि वैरण टाकायला गेली. एवढंच! त्या जोहानाच्या पायात काटा मोडला तर सगळ्या बायका गोळा करते ही.

९ फेब्रुवारी
लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज जोहानाची ओटी भरली. बायका जमल्या. निरोपाचं सगळं नीट चाललेलं. शेवटी आई म्हणाली, "ऱ्हा गो अजून."

हे म्हणायचंच असतं! बांगड्यावाली रंगूबाई उठली तरी आई म्हणते, "ऱ्हा गो." मग रंगूबाईने म्हणायचं, "नको, येते," आणि चपला घालायच्या. आजवर एक माणूस राहिलेलं नाही आमच्याकडे!

जोहानाने मराठीत विचारलं, "खरंच?"

आई म्हणाली, "खरंच."

तशी ती भोकाड पसरून रडली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "राहते." बायका हसायला लागल्या. बायजाकाकू तर डोळे पुसत होती. मला सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटत होतं.

११ फेब्रुवारी
तिच्या आईचा होकार आला. तिच्या शाळेचाही. मे संपेपर्यंत!

शर्मिला मॅडम खूश. "अभिमान वाटायला हवा तुला, सेजल. आजवर कुणी मुदत वाढवून मागितली नव्हती."

"आणि माझं?"

"मेनंतर त्यांच्याकडे परीक्षा, मग सुट्टी. तुझं पुढे बघू ना."

पुढे काय बघणार? कपाळ माझं? म्हटलं, "मग मेपर्यंत तुम्हीच या तिला आंघोळीचं पाणी द्यायला!" सगळ्यांसमोर म्हटलं. वर्गाबाहेर काढलं मला. काढा.

संध्याकाळी जोहाना विचारते, "तू रागावली?" मी दार आपटलं. तिला काय कळणार! तिचं विमान वाट बघतं, माझं नाही बघत.

१२ फेब्रुवारी
तिकीट अजून उद्याचंच आहे. आई शेणी थापत होती. हात जोडले तिच्यापुढे. "सांग ना तिला. म्हणायची रीत असते म्हणून म्हटलं, सांग. ऐकेल ती तुझं."

"नाय सांगत."

"का?"

"रीतीचं नव्हतं बोलले मी."

वर बघितलंच नाही तिने. पुढची शेणी थापली.

"ती गेली का तू जाशील. तुझा बाप चार म्हयन्यांसाठीच गेलेला गो. अक्षय पण."