फलकावरचं सातवं नाव

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज मंडळाच्या फलकासमोर माझं डोकंच फिरलं. सलग चार वर्षं तालुक्याची ढाल आणणाऱ्या आमच्या कबड्डी संघाची सात नावं रंगाऱ्यानं लिहिली, आणि त्यात महादू नाही! वरच्या वाडीतला महादू, ज्याच्या चढायांवर त्या चारही ढाली आल्या. त्याचा दम मी शाळेतल्या कवितेनं मोजायचो. मनात दोन कडवी म्हणून व्हायची, तरी त्याचं ‘कबड्डी, कबड्डी’ चालूच. काय दिवस होते ते! अजून तो बाजाराला खाली येतो. येता-जाता हाच फलक बघणार?

पुतण्या संतोष मंडळाचा अध्यक्ष. म्हणाला, “आण्णा, फोटूत न्हाई ना त्यो. फोटू बगूनच नावं काडली. तुमचं हाय की, मग कशापायी तापताय?”

माझं आहे, हेच तर! चौथी ढाल आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो काढला, तेव्हा महादू कोळशाच्या भट्टीवर मजुरीला गेला होता. सात जण दिसायला हवेत म्हणून मला उभं केलं. मी नुसता पाणी द्यायचो. त्याच फोटोवर सासुरवाडीत मिरवलो. इतकी वर्षं गप्प का बसलो मी?

दोन कडव्यांचा दम त्याचा, आणि नाव माझं.

रंगाऱ्याचा ब्रश घेतला आणि माझ्या नावावरून आडवा फिरवला. संतोष ओरडला, “आण्णा, आता सहाच ऱ्हायली की!”

“मग सातवा कोण, ते लिही,” म्हटलं, आणि घरी आलो.