फाल्गुनातली चैत्रगौर

आई, परवा तुझी पहिली तीज केली. तू गेल्यापासून सोळा वर्षं आपल्या गच्चीवर गौर बसली नव्हती. होळीच्या आदल्या दिवशी समोरच्या चाचींनी त्यांच्या गच्चीवरून हाक मारली, "का बाबू, माई वाली तीज अब कब्बो ना होई?" चाचींना आता धड दिसत नाही, पण आवाज तसाच खणखणीत आहे. मी "होगी, चाची" म्हणालो आणि मग मागे फिरता येईना. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. बोलण्यात मी कधीच पुढे नव्हतो, तुला माहीतच आहे.

आपण साताऱ्याहून इथे गंगेकाठी आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबांची बँकेतली बदली. मराठी घरं सगळी मंगला गौरीच्या वस्तीत, आणि आपल्याला जागा मिळाली मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. आठ महिने आपल्या घरात एकही बाई आली नाही. तू नळावर उभी राहायचीस, भाजीवाल्याशी बोलायचीस, आणि तुझी हिंदी ऐकून बायका पदराआड हसायच्या. एकदा पोळ्या लाटता लाटता तू बाबांना म्हणालीस, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते. गल्लीतल्या बायका आल्या, नीट बसल्या, तर राहीन. नाही तर ह्याला घेऊन साताऱ्याला जाते. तुम्ही सुट्टीला येत जा." मी दाराशी उभा होतो. मला आनंद झाला. साताऱ्यात माझी शाळा होती, चुलत भावंडं होती आणि माझ्या बोलण्याला तिथे कुणी हसत नव्हतं.

आता जे लिहितोय ते तुला कधी सांगितलं नाही. इथल्या लोकांचा चैत्र होळीच्या रंगाबरोबर लागतो, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी, पाडव्याला. तुला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण सुट्टी लागण्याआधी मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं. रंगाच्या दिवशी संध्याकाळी तू मला आमंत्रणं द्यायला पाठवलंस. पंधरा दिवस आधीच सांगितलेलं बरं, असं तुझं म्हणणं. तुझ्या हिंदीतलं वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलंस, "पाडवे के बाद तीसरे दिन आना." मी सात घरी गेलो आणि सातही घरी सांगितलं, "चैत की तीज को आइएगा." त्यांच्या लेखी ती तीज परवावर आली होती. घरात काही तयार नसेल, बायका येऊन परत जातील, रागावतील, आणि आपण साताऱ्याला जाऊ. नऊ वर्षांच्या डोक्यात एवढं सगळं होतं.

त्या तिजेला, तिसऱ्या प्रहरी, तू गच्चीवर रंगाचे कपडे धुतेयस. साडी खोचलेली, कोपरापर्यंत फेस. जिन्यात बांगड्या वाजतात आणि एकामागून एक सात जणी वर येतात, नव्या साड्या नेसून. पुढे चाची. "का हो मराठिन, गौरा कहाँ बइठल हईं?"

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "आओ ना, बैठो. गौर भी आ रही, रस्ते में है."

त्या इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणी तरी विचारलं काय झालं म्हणून. पण या वेळी पदराआड हसल्या नाहीत.

पुढचा तास मी आजही जसाच्या तसा बघू शकतो. तू धुण्याची बादली सारलीस, दगड कोरडा केलास, देवघरातली अन्नपूर्णा आणून पालथ्या डब्यावर तुझी हिरवी साडी घडी करून तिच्यावर बसवलीस. घाई कुठे दिसली नाही. मग रांगोळीचा डबा घेऊन चैत्रांगण काढायला बसलीस. एरवी ते पहाटे, कुणी उठायच्या आत काढून व्हायचं. त्या दिवशी सात जणी गोल करून बघत होत्या. पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, तुळस, कासव, गाईची पावलं. चिमटीतून रेघ अशी सुटत होती, जणू आधीच तिथे होती. चाची म्हणाल्या, "गंगाजी के किनारे रहेलू, आ नाव नाहीं बनइबू?" तू नाव काढलीस. दुसरी म्हणाली, "ई त पालना हौ!" तेव्हा तू डबाच चाचींच्या हातात दिलास. त्यांनी वाकडीतिकडी नाव काढली, वर वल्हवणारा मल्लाहही काढला. मग प्रत्येकीला काही ना काही काढायचं होतं.

डाळ भिजवलेली नव्हती, कैरी घरात नव्हती. तू दडपे पोहे केलेस आणि गूळ-लिंबाचं पाणी. "कच्चा चूड़ा खियावत हऊ?" म्हणत एकीने कच्च्या पोह्यांकडे बघून तोंड वाकडं केलं आणि दोनदा मागून घेतलं. मग त्यांनी चैती म्हटली. तुला शब्द कळत नव्हते, पण ओळीच्या शेवटी "हो रामा" येतं एवढं तू धरलंस आणि तिसऱ्या वेळेपासून सगळ्यांच्या आधी म्हणू लागलीस.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, हे आज कसं? तू म्हणालीस, "माझीच हिंदी कच्ची. वाक्य चुकीचं शिकवलं मी त्याला." मी ताटात बघत जेवत राहिलो. साताऱ्याचं नाव त्यानंतर तू काढलं नाहीस. पुढच्या आठवड्यात त्या बायकांनी आपल्याला नावेतून पलीकडच्या वाळूत नेलं, गोवऱ्यांवर बाटी भाजली, तू भाजल्या वांग्याचा चोखा कालवायला शिकलीस. पाडव्यानंतरच्या तिजेला तू पुन्हा बोलावलंस, डाळ आणि पन्हं करून. "फेर से?" म्हणत त्या आल्या. तेव्हापासून आपल्याकडे गौर दोनदा बसायची, एकदा त्यांच्या चैत्रात, एकदा आपल्या.

आई, माणसांना घरात कसं घ्यायचं हे मी तुझ्याकडून पाहिलं, शिकलो मात्र फारसं नाही. परवा पोहे मी केले, नारळ जरा जास्त झाला. चैत्रांगण मला जेमतेम अर्धं आठवलं. उरलेलं चाचींनी बसल्या जागेवरून सांगितलं, त्यांच्या नातसुनेने काढलं, आणि हळदीकुंकूही तिनेच सगळ्यांना लावलं. नवीन मुलगी आहे, गोरखपूरची. अजून कुणाशी फार बोलत नाही. तिने मला विचारलं, "चाचाजी, आप लोगों की गौरी तो चैती नवरात्र में बैठती है ना? फिर आज क्यों?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. चाचींनीसुद्धा मान वळवली. पन्नास वर्षांत खरं सांगायची इतकी सोपी संधी मला मिळाली नव्हती, आणि आता रागावणारं कुणी उरलंही नव्हतं. मी म्हणालो, "हमारी माँ की हिंदी ज़रा कच्ची थी."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.