चैत्याबाबा नाचले

वेवजी, दिवाळीनंतरचा सोमवार

आईच्या पायांवर दौलतचं डोकं.

खोकला गेला. नागलीची भाकरी पोटभर खातो. डहाणूचे चिकू तर किती खाल्ले… ते असो. मी इकडं राहिलो म्हणून अण्णा अजून रागावलेत का?

मी चैत्याबाबांकडे तारपा शिकतो. भोपळ्याचं लांब वाद्य असतं. वाजवणारा श्वासाला थांबला की भोवतीचा नाच मोडतो. मागं माझ्यामुळं मोडला. त्यांची बायको बुधीबाई म्हणाली, “मेल्या, माझा पाय वरच राहिला ना.”

वीस वर्षं बाबाच वाजवायचे, म्हणून दोघं बरोबर कधी नाचलेच नव्हते. काल मी न थांबता वाजवलं आणि ते नाचले. बुधीबाईनं माझे सुजलेले गाल कुरवाळले, तेव्हा तोंडून “आये” निघून गेलं.

तुला चालेल ना?

तुझाच,
दौलत